प्लास्टरमधला टोळीनायक

मी पळण्यात पहिला यायचो, हे आधी सांगून टाकतो. बढाई म्हणून नाही, पुढचं कळावं म्हणून. हुमनाबादच्या आमच्या शाळेत स्काउटचं पथक होतं आणि माझ्या टोळीचं नाव होतं हरिण टोळी. नाव मीच सुचवलेलं. निजामी राजवट होती, शाळा उर्दूतून चालायची, कवायतीचे हुकूम उर्दूत, स्काउटचं पुस्तक इंग्रजीत आणि आमची आपसातली भांडणं मराठी-कानडीत. त्या सगळ्या खिचडीत मी चौदाव्या वर्षी कच्चा टोळीनायक झालो होतो. पक्का व्हायला तीन कामं करून दाखवावी लागत: नव्या पोराला स्काउट करायचं, टोळीला स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर मुक्कामाला न्यायचं आणि लोकांच्या उपयोगाचं एखादं काम टोळीकडून करून घ्यायचं. मग परीक्षक बघून बिल्ला देत. त्याच हिवाळ्यात माझ्या पायानं दगा दिला.

आता इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलोय त्याला एक बाई कारण झाल्या. अफजलपूरहून बसनं माझा पत्ता विचारत आल्या. त्यांच्या मुलीच्या कमरेला प्लास्टर आहे. मुलगी गाइड आहे आणि शाळेनं सांगितलंय, तिचा बिल्ला तसाच देऊन टाकू, आजारी लेकराला कशाला त्रास. बाईंनी विचारलं, "गुरुजी, घिऊ का तसाच?" मी म्हणालो, "घेऊ नका." कारण सांगता सांगता चहा दोनदा गार झाला. जाताना त्या म्हणाल्या, हे कुठंतरी लिहून ठेवा. म्हणून हे.

गुडघा नव्हे

दुखायचा गुडघा. म्हणून सगळे गुडघ्यालाच लेप लावत होते. दुबलगुंडीला, म्हणजे आमच्या गावी, एक म्हातारे पाय चोळून द्यायचे. त्यांनी चोळून चोळून गुडघा लाल केला. अव्वा, म्हणजे आई, विटकरीनं शेकायची. मी लंगडतोय हे मला स्वतःला मान्य नव्हतं. कोणी विचारलं की सांगायचो, काटा मोडलाय.

हमीद मास्तर आमचे कवायतीचे शिक्षक आणि पथकाचे स्काउटमास्टर. उंच, सडपातळ, बुटाला कायम चमक. त्यांनी एकदा मला मैदानात एकट्याला चालायला लावलं, जाताना आणि येताना बघितलं आणि संध्याकाळी सायकल मारत थेट आमच्या गावी आले. माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, म्हणाले, "पाटील, ये घुटना नै है. कमर की हड्डी में कुछ है. गुलबर्गा ले जाव."

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा पाय वाकवला, फिरवला, हाडाचा फोटो काढला. मग अप्पांना बाजूला घेऊन बोलले. मला एकच शब्द ऐकू आला. दिक. आमच्याकडे क्षयाला दिक म्हणत आणि तो शब्द कोणी मोठ्यानं बोलत नसे. आमच्या गल्लीत दिकेनं गेलेल्या माणसाचं अंथरूण जाळलेलं मी बघितलं होतं.

अप्पा परत आले. बाहेर गोटीच्या सोड्याची गाडी होती, तिथं मला घेऊन गेले. सोडा दिला, स्वतः घेतला नाही.

"अप्पा, मी मरायलोय का?"

"कोण म्हनलं?"

"दिक म्हनले न्हव डॉक्टर?"

"हाडाची हाय. छातीची न्हाई. बरी हुती म्हनत्यात." मग म्हणाले, "लई दिवस झोपावं लागंल, पोरा. चालायचं न्हाई."

मी पटकन विचारलं, "मग माझी टोळी?"

अप्पांना वाटलं असेल, पोरगं येडं झालं. पण मला त्या क्षणी खरोखर तेवढंच सुचलं. मरण फार मोठं होतं, डोक्यात मावत नव्हतं. टोळी मावत होती.

व्हरांडा

छातीपासून आजारी पायाच्या घोट्यापर्यंत प्लास्टर. दुसरा पाय मोकळा, हात मोकळे, मान मोकळी. मला खाटेवर आडवं ठेवलं, जसा ओला मातीचा बैल उन्हात वाळत ठेवतात तसा. उन्हात ठेवायचे हेही खरंच, कारण औषध म्हणजे ऊन, दूध, अंडी आणि पडून राहणं. अंडी आमच्या घरात चालत नव्हती. अव्वा तोंड फिरवून बसायची आणि म्हणायची, "खा. मी बघना झालेय."

खरं ते लिहितो, कारण कोणी लिहीत नाही. सगळ्यात वाईट दुखणं नव्हतं, खाज होती. प्लास्टरच्या आत, जिथं हात पोचत नाही तिथं. मग परक्या माणसानं भांडं सरकवायचं, त्याची लाज. पहिल्या आठवड्यात मी पोट धरून ठेवायचो आणि मग रडायचो. मग लाज आपोआप गेली. जाते. ज्यांना आत्ता ती वाटत असेल त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा.

सकाळी ताप बघायचे, मग खाटा व्हरांड्यात ओढायचे, दुपारी आत. रोजचं तेच. मला छत आणि कडुनिंबाची एक फांदी एवढंच दिसायचं. एक केरळी सिस्टर होती, तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. तिनं एक दिवस खाटेच्या दांड्याला हातात मावेल एवढा आरसा बांधला आणि तिरका केला. त्यात दवाखान्याचं फाटक दिसलं, टांगे दिसले, काकडीवाली दिसली, एक कुत्रं दुसऱ्याच्या मागं लागलेलं दिसलं. मी इतका ओरडलो की सिस्टर घाबरून परत आली. अव्वा हसली. गुलबर्ग्याला आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

एका सकाळी मात्र टोकाची खाट रिकामी होती. तिथं चित्तापूरकडचा एक माणूस होता, मला रोज कानडीत कोडी घालायचा. कोणी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दिवशी मी आरसा उलटा करून ठेवला.

रशीद

हमीद मास्तर भेटायला आले तेव्हा मी त्यांच्याशी नीट बोललोच नाही. माझी टोळी आता नामदेव चालवत होता. नामदेव माझा उपनायक, शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून डोकं शांत. मला त्याचा राग यायचा आणि राग आल्याचीही लाज वाटायची.

"नामदेव को टोली दे देव," मी म्हणालो.

"क्यूं?"

"मैं लेटा हूं, साब."

मास्तरांनी बाजूच्या खाटेकडे बघितलं. तिथं रशीद होता. त्याला मणक्याची दिक होती. माझ्याहून लहान, शाळेत कधी न गेलेला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मास्तर म्हणाले, "नए लड़के कू स्काउट बनाना है ना तेरे कू? ये है नया लड़का. हाथ तेरे भी हैं, इसके भी हैं. मैं अगले महीने आके परीक्षा लेता."

आणि झोळीतून दोन लहान निशाणं काढून माझ्या छातीवरच्या प्लास्टरवर ठेवून गेले. लाल-पिवळी, बांबूच्या काडीची.

मला आजही तो दिवस आठवला की अंगात काहीतरी उसळतं. निशाणांची भाषा पायानं बोलतच नाहीत! दोन हात वेगवेगळ्या कोनांत धरायचे, एकेका कोनाला एक इंग्रजी अक्षर. पडल्या पडल्या होतं की! मी ए केला, बी केला, सी केला. हात दुखेपर्यंत करत राहिलो. रशीद भिंतीकडून वळला.

"ये क्या कर रा?"

"बात कर रा."

"किससे?"

"तेरे से."

त्याला अक्षर ठाऊक नव्हतं. मग आधी अक्षरं शिकवली, हाताच्या कोनांतूनच. म्हणजे तो इंग्रजी लिपी पाटीवर न शिकता हवेत शिकला. गाठी शिकवायला सिस्टरनं जुन्या पट्ट्यांचे तुकडे दिले. मी चिडायचो, तो रुसायचा. एकदा त्यानं मला निशाणांनी पहिली शिवी दिली, एकही अक्षर न चुकता. मी आनंदानं ओरडलो, "अव्वा, ह्याला आलं!" अव्वा म्हणाली, "काय म्हनला गं बाई त्यो?" ते मी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात मास्तर आले ते आत आलेच नाहीत. आमच्या खाटा व्हरांड्यात होत्या. ते बागेच्या पलीकडं, फाटकाजवळ उभे राहिले आणि तिथून निशाणं हलवली. रशीदनं कुशीवर वळून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. एन, ए, एम, ई. नेम. मग त्यानं उत्तर दिलं, R-A-S-H-I-D, जीभ दातात धरून. मास्तरांनी फाटकाजवळून कडक सलाम ठोकला. सगळा व्हरांडा टाळ्या वाजवायला लागला, ज्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तेही.

पहिलं काम झालं होतं. कोणी सूट दिली नव्हती.

घरी

प्लास्टर बदलत बदलत, ऋतू उलटत, शेवटी ते निघालं. पाय काडीसारखा झाला होता, केस वाढलेले, आणि दुसऱ्यापेक्षा आखूड. डॉक्टर म्हणाले, दोन कुबड्या, बसा-उठा हवं तेवढं, पण हा पाय अजून टेकवायचा नाही.

घर बदललं होतं. अव्वा माझ्याजवळ होती तेवढा काळ स्वयंपाक, धारा, सगळं अक्कानं ओढलं होतं. माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती वाळली होती. मला कळलं नाही कामून.

मास्तर पुन्हा सायकलवर आले. माळावरच्या बसवण्णाची जत्रा जवळ आली होती. त्यांनी ठरवलं होतं की हरिण टोळीनं तिथं मुक्काम करायचा, गर्दीत हरवलेली पोरं सांभाळायची, म्हाताऱ्यांना पाणी द्यायचं, आणि हे सगळं माझ्या हुकमाखाली. उरलेली दोन्ही कामं एकाच फेरीत.

अप्पांनी साफ नाही म्हटलं. "गर्दीत कुनी धक्का दिला तर? पुन्हा वरीसभर झोपवू का त्याला? बिल्ल्यापायी पाय घालवायचा व्हय?"

अप्पांचं चूक नव्हतं. मलाही भीतीच वाटत होती.

बोलली अक्का. चुलीपुढून उठून दारात आली. अप्पांसमोर ती कधी बोलत नसे.

"न्या त्याला, अप्पा."

"तू आत जा."

"न्हाई जात. घरात दिक हाय म्हनून माझं ठरलेलं मोडलं. हळदीचं ठरलं हुतं, तरी मोडलं. म्या काय म्हनले का? पर आता त्यानं बी घरात बसायचं, म्या बी घरात बसायचं, आन् सगळ्यांनी एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं? त्याला न्या. लोकास्नी दिसू द्या, त्यो बरा झालाय म्हनून."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. अक्काचं लग्न माझ्यामुळं मोडलं होतं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. अव्वा पदर तोंडाला लावून बसली.

अप्पा उठले, गोठ्यात जाऊन बैलांना वैरण टाकून आले. मग मास्तरांना म्हणाले, "गाडी माझी ऱ्हाईल. हाकनार म्या."

कमाने देव

निघायच्या आदल्या दिवशी परीक्षक शाळेत आले. गुलबर्ग्याचे मोठे अधिकारी, अतिशय सभ्य. त्यांनी मला कुबड्यांवर बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. मास्तरांना म्हणाले, "इस बच्चे ने बहुत सहा है. जत्रेला कशाला नेता? बिल्ला मी आत्ता लावतो."

त्यांनी खिशातून तो काढलाही. पितळी, नवा, चकचकीत. माझ्यापासून हातभर अंतरावर. खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. तेव्हाच, तिथंच.

मास्तर पुढं झाले. "साब, देना नक्को. कमाने देव." म्हणजे देऊ नका, त्याला कमवू द्या.

"तुम्ही फार कठोर आहात," परीक्षक म्हणाले.

"काम कम नै करना, साब. तरीका बदलना. बस."

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. टोळी मागं रांगेत उभी होती. नामदेव माझ्या खांद्यामागं, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हणालो, "साहेब, जत्रेनंतर द्या." मागून नामदेव हळूच पुटपुटला, "शाब्बास, लंगड्या." आजारपणानंतर मला लंगड्या म्हणायचं धाडस त्याच्याशिवाय कोणी केलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं!

माळ

अप्पांनी गाडीत कडबा पसरला, त्यावर घोंगडं, त्यावर मी. टोळी गाडीच्या पुढंमागं चालत. कुठं थांबायचं, पाणी कुठं भरायचं, पायाला फोड आलेल्याला किती वेळ गाडीत घ्यायचं, सगळं मी ठरवत होतो. अप्पा बैलांशी बोलायचे, माझ्याशी नाही. वाटेत एकदा दोन वाटा फुटल्या. त्यांनी कासरा ओढला आणि मागं न बघता विचारलं, "नायक, कुनीकडं?" त्यांना रस्ता माझ्याहून चांगला ठाऊक होता.

माळावर देऊळ, देवळाच्या एका अंगाला दगडी भिंत, समोर मोठी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. भिंत आणि बारव यांच्यामधून रथाची वाट. पलीकडं बैलबाजार, बांबूंनी अडवलेला. मी गाडीत बसून बघितलं तर मला माणसांच्या फक्त पाठी दिसत होत्या. इथून मी कोणाला काय हुकूम देणार?

"मचान बांधू," मी म्हणालो.

ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला बांधतात तसं. पोरांनी चार वासे आणले, मी खाली बसून एकेक गाठ सांगितली, एकेक गाठ ओढून बघितली. मग मला वर चढवायचं कसं? दोराची खुर्ची केली, त्यात मला बसवलं आणि चौघांनी ओढलं. मी फिरकीसारखा गरगर फिरत वर गेलो. जत्रेतली पोरं ते बघायला जमली, त्यांना वाटलं हाही एक खेळच आहे. अप्पा खाली उभे, दोन्ही हात पसरून, पडलो तर झेलायला.

वर गेलो आणि सगळा माळ माझा झाला! रथ, पाळणे, भेंडबत्ताशांची दुकानं, बैलांच्या पाठी, लुगड्यांचे रंग. माझी पोरं कुठं कुठं आहेत ते खाकी टोप्यांवरून दिसत होतं. शिट्टीची एक लांब फुंकर म्हणजे इकडं बघा. मग निशाणं. हरवलेली एक चिमुरडी मला वरूनच दिसली, रडत उलट्या दिशेनं चाललेली. निशाणं हलवली, पोरगी हरवलेल्या पोरांसाठी टाकलेल्या आमच्या तंबूत आली. मी मोठ्यानं हसलो. एकटाच, वर.

दुपारी रथ निघाला. दोन जाड दोर, शेकडो हात, पुढं हलगीवाले. आमच्याकडं रथावर खारका आणि केळी फेकतात. लोक रथाकडं तोंड करून फेकत फेकत मागं सरकत होते. आणि मला दिसलं, ते मागं सरकत होते ते बरोबर भिंत आणि बारवेच्या मधल्या अरुंद जागेत. बारवेच्या पायऱ्यांवर बायका पाणी भरत होत्या, कडेवर लेकरं. कठडा एका बाजूला पडलेला. मागं सरकणाऱ्यांना बारव दिसत नव्हती. दोर ओढणाऱ्यांना काहीच दिसत नव्हतं. खाली उभ्या कोणालाच दिसत नव्हतं. फक्त मला दिसत होतं.

मी ओरडलो. हलगीपुढं माझा आवाज म्हणजे डासाची गुणगुण.

काय करू? गर्दी थोपवायला माझी मूठभर पोरं काय पुरणार? रथ थांबवा म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार? तेवढ्यात लक्षात आलं, दोर ओढणारे हलगीच्या ठेक्यावर ओढतायत. ठेका पडला की हिसका, ठेका पडला की हिसका.

शिट्टी फुंकली. एकदा, पुन्हा, पुन्हा. नामदेव रथापाशी होता. त्याची टोपी वळली. मी निशाणं उचलली. एकही कोन चुकला नाही. H-A-L-G-I. B-A-N-D.

नामदेव वाकला आणि गर्दीत नाहीसा झाला. मग मला तो हलगीवाल्यांपुढं दिसला. त्यानं दोन्ही पंजे मधल्या हलगीच्या कातड्यावर दाबून धरले. हलगीवाल्यानं काठी उगारली. बाकीचे बघायला थांबले. आवाज तुटला.

सगळी जत्रा एकदम गप्प झाली. हिसका थांबला. माणसं माना वळवून विचारू लागली, काय झालं, काय झालं. तेवढीच फट मला पुरली. मी दोघांना बैलबाजाराच्या बांबूंकडं पाठवलं, उरलेल्यांना बारवेच्या तोंडाशी. पोरांनी काठ्या आडव्या धरून साखळी केली. बाजारातले बांबू सरकले आणि गर्दी तिकडून ओघळायला लागली, फुटलेल्या बांधातून पाणी जावं तशी. पडक्या कठड्याशी एक बाई कडेवरच्या लेकरासह घसरली होती, तिला आमच्या दोघांनी पदराला आणि दंडाला धरून वर घेतलं. लेकराच्या हातात खारीक होती, ती त्यानं सोडली नव्हती.

एवढ्या वेळात मला पाय आहे हेच मी विसरलो होतो. आखूड, लांब, कोणताच.

बिल्ला

रथ दुसऱ्या बाजूनं नेला. मला खाली उतरवलं तेव्हा अप्पांनी दोरखुर्ची सोडवायची वाट बघितली नाही, तशीच दोरासकट मला मिठी मारली. आमचं काम बघायला जत्रेत आलेले परीक्षक धुळीनं भरून आले. फेटा सुटलेला. त्यांनी बिल्ला काढला, माझ्या खिशावर लावला, मागं सरकले आणि सलाम केला. "आज मैंने दिया नहीं," ते म्हणाले. "तूने कमाया."

नामदेव धापा टाकत आला. "आरं, मला आदी वाटलं, हलगी बँड वाजवा म्हनायलास! म्हनलं ह्यो मचानावर चढून येडा झालाय जनू."

"मग बंद कामून केलीस?"

"तुजं तोंड बघितलं की. तसल्या तोंडानं कुनी बँड मागतंय व्हय?"

इतके हसलो की मला कुबडी धरवेना.

पुढचं थोडक्यात. पाय आखूडच राहिला, उंच टाचेच्या चपलेवर आयुष्य गेलं आणि बरं गेलं. अक्काचं लग्न दुसऱ्या वर्षी भालकीकडं झालं, जत्रेतली गोष्ट ऐकून आलेलं स्थळ होतं ते. रशीद पाठीला पट्टा लावून घरी गेला. मी शिक्षक झालो, पथक चालवलं, आणि आंधळी, लुळी, दमेकरी, फिट्स येणारी कितीतरी पोरं माझ्या हाताखाली टोळीनायक झाली. काम कोणालाच कमी केलं नाही. तरीके मात्र इतके बदलले की कधी कधी परीक्षकांना चक्कर यायची. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांना एवढंच सांगतो: त्याला काय येत नाही हे सगळं गाव सांगेल. त्याच्या हातात काय उरलंय ते तुम्ही बघा, आणि तिथून काम द्या. खरं काम.

त्या संध्याकाळी माळावर आमची चूल पेटली होती. पिठलं-भाकरी झाली, अप्पाही आमच्या पंगतीत बसले. बिल्ला छातीवर, पोट भरलेलं, येणारेजाणारे बोट दाखवून म्हणत होते, ह्योच त्यो मचानावरचा. मी गाडीच्या चाकाला टेकून आरामात बसलो होतो. कामाच्या पाळ्या मीच लावल्या होत्या आणि त्यात स्वतःला कुठंच धरलं नव्हतं, अगदी सहज, आजारपणाच्या सवयीनं.

नामदेव आला. त्यानं पिठल्याची करपलेली कढई, तवा आणि राखेचं डबडं माझ्यापुढं आदळलं.

"हे काय?"

"भांडी. सगळ्यांनी कायतरी केलंय आज. तूच तेवढा राह्यलास."

अप्पा उठायला लागले, "दे, म्या घासतो." नामदेव म्हणाला, "बसा अप्पा. टोळीचं काम हाय."

मी आखूड पाय लांब केला, कढई मांडीत घेतली आणि राख हातावर ओढली. करपलेलं चांगलंच चिकटलं होतं. मी घासत होतो, नामदेव डोक्यावर उभा राहून डाग दाखवत होता, आणि त्या दिवशीच्या शिट्ट्या, सलाम, बिल्ला सगळं एकीकडं ठेवलं तरी सांगतो, मी पूर्ण बरा झालो तो त्या कढईवर.